दोन अंश मागे

'हिच्यात दम नाही,' रुफिनो म्हणाला,
बॉनेटवर थाप मारून, जशी अडून बसलेल्या लामाला मारतात.
मी म्हटलं, अरे, हवेतच दम नाही, ती कुठून आणेल?
एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
आपण माणसंही जिना चढलो की
आधी कठडा धरतो, मग नमस्कार करतो.

तेराशे सीसीची स्टार्लेट. जपानातून बोटीने इकिकेला उतरलेली,
उजवीकडचं स्टिअरिंग उपटून डावीकडे लावलेलं.
जुन्या जागी डॅशबोर्डला भगदाड आहे,
त्यात मी दहाचा पाना ठेवते आणि उकडलेले बटाटे.

'टर्बो घाल. गुरुवारच्या बाजारात मिळतो,
पंखा थोडा हलतो, पण चालेल.'
नको.
फुंकर मारून फुगवलेली छाती ती, हिची नव्हे.
मला बघायचंय, हिची हिला किती भरता येते.

हेड उतरवलं. हवेच्या वाटेत ओतकामाची एक कड होती,
नखाला लागेल एवढीच,
तिच्यावर अकरा रात्री गेल्या.
बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून आत घालायची आणि डोळे मिटायचे,
डोळे उघडे असले की बोट खोटं बोलतं.
मग सेवेरो आपासाच्या मशीनवर हेडचा तळ तासला,
आठ दशांश मिलिमीटर.
विरळ हवेला जास्त दाबलं तरी ती कुरकुरत नाही,
ही आमच्या उंचीची एकुलती एक सवलत.
सेवेरोने पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं,
'खाली नेणार आहेस का कधी?'
छे, म्हटलं मी. खाली कोण जातंय.

एवढं करून काय मिळालं?
ला कुंब्रेच्या चढाला जिथे दुसरा गिअर लागायचा
तिथे आता तिसरा.
बस. सहा महिन्यांचं पीक, एक गिअर.
मी त्या रात्री झोपले नाही, इतकी खूश होते.

आणि मग रुफिनोच्या पोरीचं बारसं निघालं, कोरोइकोत.
मागच्या सीटवर एन्कार्ना मावशी, मांडीवर तीन मजली केक.
खिंड ओलांडली, ढगात शिरलो,
कान फुटल्यासारखे उघडले,
पाण्याची रिकामी बाटली कुणी न दाबता चेपली.
नेचे दिसू लागले, नंतर केळी.
आणि गाडी,
काय सांगू, गाडी हसायला लागली.
पाय टेकवला की उडी. मावशी ओरडली, 'केक!'
मी अकरा रात्री घासून जे मिळवलं
त्याच्या चौपट दरीने नुसतं ओंजळीत ओतलं,
फुकट, आणि मला राग आला.

योलोसाच्या पुलानंतर चढ.
तिथे आवाज आला.
टिक्. टिक् टिक्. डब्यात खडे खुळखुळावेत तसा.
जाड हवा, तासलेलं हेड, पंपावरचं पाणचट पेट्रोल,
ठिणगी यायच्या आधीच आग पेटत होती.
वर जे औषध, तेच खाली विष.

फोर्तुनातो काका आठवला. खाण सुटली तेव्हा खाली आला,
संत्र्याची बाग घेतली, दिवसभर दारात बसून राहतो,
चेहरा लालबुंद. म्हणतो,
'इथली हवा चावून खावी लागते गं.'

बाजूला घेतली. मावशी केक धरून तशीच.
डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला,
खडूने आधीच्या जागेवर रेघ मारली
आणि फिरवला, दोन अंश मागे.
टिक् थांबली. हसूही थोडं कमी झालं.

रविवारी परतताना खिंडीत गारा होत्या.
पुन्हा बॉनेट उघडलं. बोट भाजलं.
खडूची रेघ पुसट झाली होती, पण होती.
रुफिनो आत हीटर लावून बसलेला, काच खाली करून म्हणाला,
'आता काय बिघडलं?'
काही नाही, म्हटलं. घरी आलोय,
ते हिला सांगतेय.